गिअर नेमका कधी टाकायचा? पाव मैलाचं गणित

[दृश्य: लांब, सरळ धावपट्टी. सुरुवातीच्या रेषेवर उभी एक हॅचबॅक.]

लोणावळ्याजवळची अॅम्बी व्हॅलीची धावपट्टी. व्हॅली रन ही ड्रॅग शर्यत, म्हणजे सरळ रेषेतली वेगाची शर्यत, भरली ती इथे. अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. १.२ लिटरच्या साध्या पेट्रोल गाडीला एवढ्यात दोन, फार तर तीन वेळा गिअर बदलावा लागतो. तेवढ्या दोन-तीन क्षणांत शर्यतीचा बराचसा निकाल लागतो.

हे बदल कधी करायचे? बरेच जण गाडीचं माहितीपत्रक उघडतात. कमाल ताकद ६००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) लिहिलेली असते, म्हणून ६००० ला गिअर टाकतात. वेळ वाया जातो तो इथेच. चालू गिअरमध्ये चाकांना किती जोर मिळतोय आणि पुढचा गिअर टाकल्याक्षणी किती मिळेल, या दोन आकड्यांची तुलना करायची असते. जोवर चालू गिअर जास्त देतोय तोवर तो सोडायचा नाही.

[दृश्य: कागदावर पेन्सिलीने मांडलेला हिशेब.]

करून पाहू. समजा, पहिल्या गिअरचं गुणोत्तर (इंजिनाचा जोर किती पट होतो तो आकडा) ३.५४५, दुसऱ्याचं १.९०४ आणि तिसऱ्याचं १.२८० आहे. लिमिटर, म्हणजे इंजिनाला त्यापुढे चढू न देणारी मर्यादा, ६५०० ला. या इंजिनाची कमाल ताकद ६००० ला येते. ६५०० ला टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, ८७ न्यूटन मीटरवर उतरलेला असतो. पहिल्या गिअरमध्ये ८७ गुणिले ३.५४५, म्हणजे ३०८. दुसरा टाकला की आरपीएम ३४९० वर येतात. तिथे टॉर्क १११ आहे, पण गुणिले १.९०४ केल्यावर हातात पडतात २११. इंजिन धापा टाकतंय असं वाटत असतानाही पहिला गिअर जवळजवळ दीडपट जोर देतोय. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जातानाही तेच: १६६ विरुद्ध १४६. म्हणजे ही गाडी दोन्ही वेळा लिमिटरच्या अगदी अलीकडेपर्यंत ताणायची.

डिझेलचं गणित वेगळं, आणि खरी गंमत तिथे आहे. २ लिटरचं टर्बो डिझेल घेऊ. २००० ते २५०० आरपीएमला ३२० न्यूटन मीटर, ४००० ला २४६, ४३०० ला २१५, ४५०० ला १९०. कमाल ताकद ४००० च्या आसपास. दुसरा गिअर पहिल्याच्या ०.५५ पट असेल, तर ४५०० ला बदलल्यावर ३२० गुणिले ०.५५, म्हणजे १७६ मिळतात. पहिला अजून १९० देतोय, त्यामुळे ४५०० पर्यंत थांबायचं. चौथा मात्र तिसऱ्याच्या ०.७२ पट, दोघांतलं अंतर कमी. ४३०० ला तिसरा २१५ देतो, आणि ३१०० वर उतरलेला चौथा २१७. इथे पारडं फिरलं. इंजिन एकच, पण पहिल्यावरून दुसरा ४५०० ला आणि तिसऱ्यावरून चौथा ४३०० ला. सगळ्या गिअरना एकच आकडा लावणं चुकीचं ठरतं ते यामुळे.

[दृश्य: विंडशील्डला लावलेला जीपीएस लॉगर.]

डायनोचा (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख हाताशी असेल तर हे सगळं घरी बसून निघतं. नसेल तर जीपीएस लॉगर पुरतो, सेकंदाला वेगाच्या किमान १० नोंदी घेणारा. मोबाइलच्या जीपीएसवर हे काम होत नाही. बंद ट्रॅकवर, सपाट जागी, दुसऱ्या गिअरमध्ये कमी आरपीएमपासून लिमिटरपर्यंत पूर्ण अॅक्सिलरेटर द्यायचा. मग तिसऱ्यात तेच. वाऱ्याचा फरक जावा म्हणून दोन्ही दिशांनी. आडव्या अक्षावर वेग, उभ्या अक्षावर प्रवेग घेऊन दोन्ही रेषा एकाच आलेखावर काढा. त्या जिथे छेदतात तो वेग म्हणजे दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाण्याची जागा. छेदतच नसतील तर लिमिटरपर्यंत ताणा. या पद्धतीत गुणोत्तरंही लागत नाहीत, आणि हवेचा रोध आपोआप हिशेबात येतो. त्याच धावांत आरपीएम चढताहेत पण वेग त्या प्रमाणात वाढत नाही असं दिसलं, तर क्लच घसरतोय. आधी तो बदला. घसरत्या क्लचवर काढलेले सगळे आकडे निरुपयोगी.

आकडा मिळाला तरी पाय आणि हात उशिरा हलतात. शिफ्ट लाइट, म्हणजे गिअर बदलण्याची खूण करणारा दिवा, दिसल्यापासून क्लच दाबेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात. आपल्या पेट्रोल गाडीत पहिल्या गिअरला आरपीएम सेकंदाला सुमारे २००० ने चढतात, म्हणजे तेवढ्यात ४०० गेले. तिसऱ्यात चढण दोन-तीनशेचीच, तिथे ५० पुरतात. म्हणून शिफ्ट लाइट प्रत्येक गिअरसाठी वेगळा लावता येणारा घ्यावा. ६४०० ला बदल हवा असेल तर पहिल्यात दिवा ६००० ला पेटला पाहिजे. मीटरच्या काट्यावर विसंबू नका, पहिल्या गिअरमध्ये तो इंजिनाच्या मागे राहतो. लिमिटरला आदळणं तर सगळ्यात महाग, कारण इंधन तुटतं आणि गाडी जागीच अडखळते. १०० आरपीएम आधी बदललेलं केव्हाही परवडतं.

[दृश्य: गिअरच्या दांड्यावर हात. तिसरा, मग चौथा.]

चौथा टाकताना दांडा सरळ मागे ओढा, डावीकडे दाबू नका. ६२०० ला तिसऱ्यावरून चुकून दुसरा पडला, तर क्लच सुटताच इंजिन ९२०० च्या वर फेकलं जातं. लिमिटर इथे वाचवत नाही. तो फक्त इंधन तोडतो, आणि इंजिन तर चाकं फिरवताहेत. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मागे पडतात, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. इंजिनाचे माउंट (ज्यांवर ते बसवलेलं असतं ते आधार) सैल असतील तर ही चूक सहज होते, कारण जोर लागताच अख्खं इंजिन हलतं आणि गिअरची वाट सरकते. शर्यतीआधी माउंट तपासाच.

अंतिम रेषा अगदी जवळ असेल तेव्हा हिशेब बदलतो. ताशी १२५ किलोमीटर वेगात गिअर बदलायला ०.४ सेकंद लागले, तर गाडी १४ मीटर ओढीशिवाय जाते. रेषा २०-३० मीटरवर असताना पुढचा गिअर टाकण्यात अर्थ नाही. लिमिटर लागत नसेल तर चालू गिअरमध्येच पार करा.

टर्बो पेट्रोल गाडीत आणखी एक गोष्ट. लागोपाठ धावांनंतर इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारा) तापतो, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी उशिरा देतो आणि वरच्या आरपीएमला टॉर्क गळतो. गार इंजिनावर काढलेला आकडा तेव्हा जरा खाली आणावा लागतो.

शेवटी पडताळणी. एका वेळी एकच बदल हलवा, तोही २०० आरपीएमने, आणि प्रत्येक आकड्यावर तीन धावा घ्या. तुलना करताना एकूण वेळ पाहू नका, त्यात सुटण्यातला फरक मिसळलेला असतो. टायमिंग स्लिपवरच्या (धावेनंतर मिळणाऱ्या वेळांच्या चिठ्ठीवरच्या) एकूण वेळेतून पहिल्या ६० फुटांची वेळ वजा करा. उरलेली वेळ आणि अंतिम रेषेवरचा वेग, हे दोनच आकडे शेजारी शेजारी लिहा.