वीस मिनिटांचा वाफा

श्रोतेहो, नमस्कार.

कथा-कादंबरी लिहिणाऱ्याला लिखाण सुचते तरी कधी, हा प्रश्न मला आमच्या गावात पिठाच्या चक्कीपासून एस.टी.च्या थांब्यापर्यंत कुठेही विचारला जातो, आणि सुचण्याची वाट पाहत बसलो तर काहीच लिहून होत नाही, हे उत्तर ऐकून विचारणाऱ्याचा विरस होतो. हा विरस जुना आहे. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यात नोकरीला होते. ते पहाटे साडेपाचला टेबलाशी बसत, समोर घड्याळ ठेवत आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहीत. वेळेवर उठवण्यासाठी त्यांनी एका जुन्या नोकराला वर्षाकाठी ५ पौंड जादा लावून दिले होते. त्यांच्या निधनानंतर १८८३ मध्ये आत्मचरित्रातून हा सगळा हिशेब बाहेर आला, तेव्हा अनेकांचे मन त्यांच्यावरून उतरले. घड्याळ लावून लिहिणारा माणूस कलावंत कसला, असे त्यांना वाटले असावे.

मलाही तसेच वाटत असे. शाळेतली नोकरी आणि घरची शेती सांभाळून दिवाळीच्या सुट्टीत सलग लिहीन, असे मी दोन वर्षे घोकत होतो. प्रत्यक्षात दिवाळीला कापूस वेचणीला येई आणि वही जिथल्या तिथे राही. पुढे गव्हाच्या ओलिताला रात्रीची विजेची लाईन मिळू लागली. विहिरीवरची मोटार सुरू केली की एक वाफा भरायला साधारण वीस मिनिटे लागत, मग उठून फावड्याने पाणी पुढच्या वाफ्यात वळवावे लागे. थंडीत धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून करायचे काय, म्हणून वेचणीच्या मजुरीची वही उलटी धरून, मागच्या पानापासून, टॉर्चच्या उजेडात मी लिहू लागलो. (एकदा ती वही पाण्याच्या दांडात पडली आणि शाईच्या पेनाने लिहिलेली सात पाने निळ्या पाण्यात गेली, मजुरीचा हिशेब मात्र पेन्सिलीचा असल्यामुळे वाचला. तेव्हापासून मी पेन्सिलीनेच लिहितो.)

वाफा भरला की वाक्य अर्धे टाकून उठावे लागे, याचा पहिल्या आठवड्यात मला भारी राग येई. नंतर ध्यानात आले की, चिखलातून परत येईपर्यंत ते अर्धे वाक्य डोक्यात आपोआप पुरे झालेले असते आणि त्याच्या मागचे दुसरेही येऊन उभे राहिलेले असते. अर्नेस्ट हेमिंग्वे हे अमेरिकन लेखक मुद्दाम असेच करीत. पुढे काय घडणार हे ठाऊक असतानाच त्या दिवसाचे काम थांबवीत. आमच्या शेजारचे काका संध्याकाळी डवरा, म्हणजे बैलांचे कोळपे, सोडताना पिकातली ओळ धुऱ्यापर्यंत नेत नाहीत, मधेच सोडतात. कारण विचारले तर म्हणतात, “सकाळी कुठून लागाचं, हे बैलालेही समजलं पाह्यजे.”

ट्रोलपची आणखी एक सवय मला वेगापेक्षा मोलाची वाटते. रोजच्या तीन तासांपैकी पहिला अर्धा तास ते आदल्या दिवशीचे लिखाण वाचण्यात घालवीत आणि शब्दांचा नाद कानाने तोलून पाहत. मी हे काम आईवर सोपवले आहे. ती शेंगा फोडत असते, मी वाचतो. एका कथेत माझ्या गड्याने सोबत्याला विचारले होते, “तू काल का आला नाहीस?” आईचा हात थांबला. “असं कोन बोलते आपल्याकडे? ‘काल काऊन नाही आला बे’ म्हन.” उद्धव शेळके यांच्या १९६० च्या ‘धग’ या कादंबरीत वऱ्हाडी बोली इतकी जिवंत का वाटते, हे मला त्या दुपारी समीक्षेच्या पुस्तकांपेक्षा जास्त कळले.

अलीकडे आईला कमी ऐकू येते, त्यामुळे मला मोठ्याने वाचावे लागते आणि अंगणापलीकडे काकाही ऐकत असतात. गेल्या महिन्यात कथेतला शेतकरी आपणच आहोत, हे त्यांनी ओळखले. मी ओशाळून त्याच्या पांढऱ्या बैलाचा रंग तांबडा केला आणि दुसऱ्या दिवशी सुधारलेले पान वाचले. काका कुंपणाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “मास्तर, माह्यं नाव टाकलं असतं तरी चाललं असतं, पन बैल काऊन बदलला?”