हिमालय, सह्याद्री आणि एक अडलेला कागद

(दृश्य: बर्फाळ खिंड. फक्त वाऱ्याचा आवाज. मग निवेदन.)

हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. हे वाक्य ऐकलं नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण. २१ नोव्हेंबर १९६२ ची गोष्ट. चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली आणि त्याच दिवशी यशवंतराव चव्हाणांनी संरक्षण खात्याची सूत्रं हाती घेतली.

पण सह्याद्रीतला एक माणूस त्याच्या तीन वर्षं आधीच हिमालयाकडे डोळे लावून बसला होता. येणाऱ्या संकटाबद्दल त्यानं सांगितलंही होतं. आरडाओरडा करून नव्हे, तर फौजी माणूस सांगतो तसं, कागदावर.

(दृश्य: जुनं छायाचित्र, गणवेशातला अधिकारी. खाली नाव.)

लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. फौजेत सगळे ‘एसपीपी’ म्हणायचे. जन्म १९०६ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचा. इंग्लंडात सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत शिकून १९२६ मध्ये ते अधिकारी झाले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशाच्या आराकानात, कांगॉच्या लढाईत, त्यांची पंजाब रेजिमेंटची पलटण ‘मेलरोज’ नावाच्या टेकडीवर चढली. समोर जपानी होते आणि शेवटची झटापट संगिनींची होती. थोरातांना त्याबद्दल डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं. त्याच ब्रिगेडमध्ये आणखी एका पलटणीचे प्रमुख होते थिमय्या. हे नाव लक्षात असू द्या.

मग कोरिया. १९५३ मध्ये युद्ध थांबलं, पण मायदेशी परतायला तयार नसलेल्या हजारो युद्धकैद्यांचं करायचं काय, हा प्रश्न उरला. त्यांची राखण भारतीय तुकड्यांकडे आली आणि त्यांचे प्रमुख होते थोरात. एके दिवशी चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला छावणीत ओढून ओलीस धरलं. बाहेर मशीनगन तयार होत्या, एक हुकूम पुरला असता. थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले, कैद्यांच्या गर्दीत उभे राहून बोलले आणि मेजरला सोडवून आणलं. त्यांना अशोकचक्र, वर्ग दोन मिळालं. आज त्यालाच आपण कीर्तिचक्र म्हणतो.

हे इतकं सविस्तर का सांगितलं? कारण माओच्या फौजेत राहिलेला शिपाई इतक्या जवळून पाहिलेली माणसं तेव्हाच्या दिल्लीत फार नव्हती.

(दृश्य: नकाशा. लखनौवर ठिपका, तिथून वर नेफाकडे जाणारी रेघ.)

१९५७ पासून थोरात पूर्व विभागाचे आर्मी कमांडर होते. मुख्यालय लखनौला. नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल, त्यांच्याच हद्दीत. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजूचं आसाम रायफल्सचं ठाणं चिन्यांनी घेतलं. ऑक्टोबरात थोरातांचं टिपण लष्करी मुख्यालयात पोचलं होतं.

टिपणातला मुद्दा खेड्यातल्या जाणत्या माणसालाही पटेल असा. थेट सीमेवर सगळी फौज मांडू नका. तिथं रस्ते नाहीत, रसद पोचत नाही. तिथली ठाणी फक्त चाहूल देण्यासाठी ठेवा. खरी लढाई मागे द्या, बोमडिला, झिरो, दापोरिजो अशा ठिकाणच्या रेषेवर. शत्रूला डोंगर उतरून येऊ द्या, त्याची रसद ताणू द्या, मग गाठा. आणि हे जमवायला जादा फौज, रस्ते, सामान आत्तापासून द्या.

लष्करप्रमुख होते तेच कांगॉचे सोबती, जनरल थिमय्या. त्यांना टिपण पटलं आणि त्यांनी ते संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवलं. मेनननी ते उगाच घबराट पसरवणारं ठरवलं. चीनला राजनैतिक पातळीवर आपण सांभाळून घेऊ, असा त्यांना विश्वास होता.

कागद तिथंच अडला.

थोरात मात्र थांबले नाहीत. मार्च १९६० मध्ये लखनौला त्यांनी ‘लाल किला’ नावाचा युद्धसराव मांडला. चीन कुठून येईल, कोणतं ठाणं साधारण किती दिवसांत पडेल, याचा हिशेब त्यात होता. पुढे १९६२ मध्ये घटना जवळजवळ त्याच क्रमानं घडल्या, असं थोरातांनी आत्मकथनात लिहिलं आहे. आत्मकथनात माणूस थोडंफार आपल्या बाजूनं लिहितोच, हे धरून चालू. पण टिपणावरची तारीख १९५९ चीच आहे, तिचं काय करणार?

मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्या जागी थोरात यावेत, ही त्यांची शिफारस होती. लष्करप्रमुख झाले जनरल थापर आणि थोरात घरी गेले.

(दृश्य: नामका चू नाला. गवत, दगड, पाणी.)

२० ऑक्टोबर १९६२. थेट सीमेवर, नामका चू नाल्याच्या काठी आपली सातवी ब्रिगेड. थंडी हाडं फोडणारी, अंगावर सुती गणवेश, माणशी जेमतेम पन्नास काडतुसं. म्हणजे थोरातांनी जे करू नका म्हटलं होतं नेमकं तेच. कोअर कमांडर उमराव सिंग यांनी या मोहिमेला हरकत घेतली, तर त्यांच्याकडून ती जबाबदारीच काढून घेण्यात आली. चार दिवसांत तवांग गेलं. नोव्हेंबरात से ला खिंड, पाठोपाठ बोमडिला.

पराभवानंतर पंडित नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतलं. टिपण पाहिलं आणि विचारलं, हे मला आधी का दाखवलं नाही? थोरातांचं उत्तर थोडक्यात असं होतं, की ते मेनन यांनाच विचारा.

त्याच काळात राष्ट्रीय संरक्षण परिषद नेमली गेली आणि थिमय्या, थोरात या निवृत्त सेनानींना तिथं बसायला खुर्च्या मिळाल्या.

(दृश्य: मुंबईचं राजभवन, समुद्राकडून.)

दुर्लक्ष फक्त फौजी माणसांकडेच झालं, असंही नाही. परराष्ट्र खात्याचे महासचिव गिरिजाशंकर बाजपेयी हे मुरलेले मुत्सद्दी. सरदार पटेलांनी ७ नोव्हेंबर १९५० ला चीनविषयी सावध करणारं जे पत्र नेहरूंना लिहिलं, त्यामागे बाजपेयींचा हात होता. तिबेटविषयी बोलायला बसाल तेव्हा सीमेचा विषय मिटवून घ्या, असं त्यांचं म्हणणं. १९५४ चा पंचशील करार झाला, त्यात सीमेचा उल्लेखही नाही. बाजपेयी तेव्हा मुंबईचे राज्यपाल होते. त्याच वर्षअखेरीस ते वारले.

१९७१ मध्ये उलटं घडलं. पूर्व पाकिस्तानवर चाल करायची का, यावर एप्रिलमध्ये लष्करप्रमुख माणेकशा म्हणाले, आत्ता नाही. तो किस्सा पुढे त्यांनी बराच रंगवून सांगितला, पण सरकार थांबलं हे खरं. मधल्या काळात मुत्सद्द्यांनी ऑगस्टमध्ये सोव्हिएत करार पदरात पाडला आणि फौजेला तयारीला डिसेंबरपर्यंतचा वेळ मिळाला.

असा सल्ला ऐकायला आता कायमची घडी आहे. १९९८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा परिषद आली, सोबत सल्लागार मंडळ. पहलगामच्या हल्ल्यानंतर, एप्रिल २०२५ च्या अखेरीस, त्या मंडळाची फेररचना झाली. अध्यक्ष ‘रॉ’चे माजी प्रमुख आलोक जोशी, सोबत तिन्ही दलांतले निवृत्त अधिकारी, पोलीस सेवेतले दोघे आणि एक मुत्सद्दी. त्यांचे कागद आपल्याला दिसत नाहीत, दिसूही नयेत.

पण जुन्या कागदांचं काय? १९६२ च्या पराभवाची चौकशी जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. १९६३ मध्ये तो अहवाल संरक्षणमंत्री यशवंतरावांच्या टेबलावर आला आणि संसदेला त्यातलं सार तेवढं सांगितलं गेलं.

(दृश्य: पुन्हा थोरातांचं छायाचित्र. कॅमेरा हळूहळू मागे.)

थोरात १९९२ मध्ये वारले. तोवर तो अहवाल सरकारनं खुला केला नव्हता. नंतरही केलेला नाही.