चार पोस्टग्रेस, एक सर्व्हर आणि पंचवीस टक्के

विषय आहे एका व्हर्च्युअल सर्व्हरवर पोस्टग्रेस या डेटाबेसचे अनेक इन्स्टन्स, म्हणजे स्वतंत्र चालणाऱ्या प्रती. ४ जीबी रॅम, २ कोअर, ४ इन्स्टन्स एवढं धरून चला. पण आधी तक्रार.

‘शेअर्ड बफर्स रॅमच्या २५ टक्के ठेवा’ हे ज्याच्या त्याच्या तोंडी असतं. शेअर्ड बफर्स म्हणजे डेटाची पानं रॅममध्ये ठेवायची पोस्टग्रेसची जागा. मॅन्युअलमध्ये त्याच वाक्यात अट आहे: सर्व्हर फक्त डेटाबेससाठी राखलेला असेल तर. अट गळते, आकडा उरतो. मग चारही कॉन्फिगमध्ये १ जीबी. चौघा भावांनी अख्खं घर वाटून घेतलं, लिनक्सच्या गाभ्याला, कर्नलला, ओसरीसुद्धा नाही. (हशा)

हसू नका, चारही बिनबोभाट सुरू होतात! कारण ह्यूज पेजेस (मेमरीची मोठी, आधीच राखलेली पानं) लावली नसतील तर लिनक्स शेअर्ड मेमरीचं पान हात लागेल तेव्हाच देतो. पहिल्या दिवशी ‘फ्री’ ही कमांड ऐसपैस जागा दाखवते. बफर हळूहळू भरतात. मग कुठेतरी मोठी डिलीट होते, मेलेल्या ओळी साफ करणारा ऑटोव्हॅक्यूम उठतो. डीफॉल्टने इन्स्टन्समागे ३ वर्कर, म्हणजे १२. प्रत्येकाला मेंटेनन्स वर्क मेमचे, म्हणजे अशा देखभालीच्या मेमरीचे, ६४ एमबीपर्यंत, म्हणजे ७६८ एमबी. तेवढ्यात ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की प्रोसेस मारणारा लिनक्सचा भाग, एखादा बॅकएंड (एका कनेक्शनची प्रोसेस) उडवतो. शेअर्ड मेमरी बिघडली असेल या शंकेने पोस्टमास्टर, म्हणजे मुख्य प्रोसेस, त्या इन्स्टन्सची सगळी कनेक्शन्स तोडून रिकव्हरीला लागतो. लॉगमध्ये ‘सिग्नल ९’ (प्रोसेस सक्तीने मारल्याची खूण) स्पष्ट लिहिलेलं असतं. अ‍ॅपवाले मात्र नेटवर्कच्या नावाने खडे फोडत बसतात.

तेव्हा शेअर्ड बफर्स प्रत्येकी २५६ एमबी, मॅक्स कनेक्शन्स १०० वरून २५, ऑटोव्हॅक्यूम वर्कर १. वर्क मेम, म्हणजे सॉर्टसारख्या कामाची मेमरी, ४ एमबीच राहू द्या. ती कनेक्शनमागे नसते, सॉर्टमागे असते. एका क्वेरीत पाच सॉर्ट असले तर पाचपट.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. मूळ विषय आता पळवतो.

व्हर्जन एकच असेल तर बहुतेकदा एका इन्स्टन्समध्ये चार डेटाबेस पुरतात. वेगळे कधी? मेजर व्हर्जन वेगळं असेल तेव्हा. किंवा एकाच ग्राहकाचा डेटा काल दुपारी ४ वाजताच्या स्थितीला न्यायचा असेल तेव्हा. वॅल, म्हणजे ज्यावरून ती स्थिती उभी करतात तो बदलांचा लॉग, अख्ख्या इन्स्टन्सचा असतो, एका डेटाबेसपुरतं मागे जाता येत नाही.

डेबियन-उबुंटूवर नवा इन्स्टन्स बनवणाऱ्या पीजी_क्रिएटक्लस्टरला व्हर्जन, नाव आणि पोर्ट द्या: १६, हिशेब, ५४३३. नावात डॅश नको, सर्व्हिसेस चालवणारा सिस्टमडी घोटाळा करतो, अंडरस्कोर चालतो. प्रत्येक सर्व्हिसला ड्रॉप-इनमध्ये (जोड-कॉन्फिग फाइलमध्ये) मेमरीमॅक्स, म्हणजे मेमरीची कमाल मर्यादा, ७०० एमबी लावा. ओओएमपॉलिसी ‘कंटिन्यू’ आहे ना ते बघा. ‘स्टॉप’ असेल तर ओओएम किलरने एक प्रोसेस मारली की सिस्टमडी सर्व्हिसच बंद करतो. पोर्ट न देता पीएसक्यूएल (पोस्टग्रेसचा क्लायंट) उघडलं तर बहुधा ५४३२ वाल्याकडे जाल, म्हणून डेटाबेस ड्रॉप करण्याआधी पीजी_एलएसक्लस्टर्स ही इन्स्टन्सची यादी बघा.

राहिली डिस्क. मॅक्स वॅल साइझ डीफॉल्टने १ जीबी, चौघांचे ४, आणि ही मर्यादाही सक्तीची नाही. एकाची आर्काइव्ह कमांड (वॅलच्या फाइल्स दुसरीकडे कॉपी करणारी) फेल होत राहिली तर त्याचा वॅल साठत जातो. डिस्क सामाईक असेल तर ती भरल्यावर बाकीच्या तिघांचंही लिहिणं थांबतं. म्हणून पीजी_स्टॅट_आर्काइव्हर या व्ह्यूमधल्या फेल्ड काउंटवर अलार्म लावा, चारही इन्स्टन्सवर.