पपेटा पर ईडु : पारशी घरातली पोटभर न्याहारी

[दृश्य : दादर पारशी कॉलनी, सकाळ. झाडांखालचा रस्ता. तिथून थेट स्वयंपाकघराचा ओटा.]

भेंडीवर अंडं. टोमॅटोवर अंडं. मेथीवर, पिकल्या केळ्यांवर, आदल्या रात्रीच्या खिम्यावर, इतकंच काय, सलीवर, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या बारीक काड्यांवरसुद्धा अंडं. खाली भाजीचा थर आणि वर न फेटता फोडलेली अंडी, या एका रीतीवर पारशी न्याहारीचे कितीतरी प्रकार उभे आहेत. त्यातला सगळ्यात साधा, स्वस्त आणि पोटभरीचा प्रकार आज आपण करणार आहोत. पपेटा पर ईडु, बटाट्यावर अंडी.

मराठी घराला यातलं अर्धं काम येतंच. बटाट्याच्या काचऱ्या कोणाच्या डब्यात नसतात? या पदार्थाचा खालचा थर काचऱ्यांचा सख्खा भाऊच आहे. फरक एवढाच, की काचऱ्यांच्या कडा आपण परतून कुरकुरीत करतो आणि इथे चकत्या वाफेवर मऊ करायच्या असतात. रात्रीच्या काचऱ्या उरल्या असतील, तर त्यांवर पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून, त्यातच अंडी फोडली तरी उत्तम लागतं. मोहरी-हिंगाच्या फोडणीचं आणि अंड्याचं अजिबात वाकडं नाही.

[दृश्य : टोपलीतले बटाटे, हिरव्या मिरच्या.]

बटाटा आणि मिरची, दोन्ही मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागली. पारशी त्याच्या कितीतरी शतकं आधी इराणातून येऊन गुजरातेत संजाणला उतरले होते. म्हणजे हा पदार्थ त्यांनी बरोबर आणलेला नाही. तो इथलाच, याच किनाऱ्यावरचा.

बटाटा घट्ट बघून घ्या, बोटाने दाबला तर दबता कामा नये. पावसाळ्याच्या शेवटाला आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारासारख्या भागातला नवा बटाटा येतो, थंडी सरताना गुजरातचा आणि उत्तरेकडचा. एरवी बराच काळ आपल्या वाट्याला शीतगृहातला बटाटा येतो. फार थंडीत राहिलेल्या बटाट्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते. असा बटाटा शिजल्यावर गोडसर लागतो आणि परतताना लवकर काळपट होतो. घरच्या फ्रिजमध्येही हेच होतं, म्हणून बटाटे फ्रिजमध्ये नकोत. टोपलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. उजेडात राहिला की बटाट्यावर हिरवी झाक येते आणि त्याबरोबर सोलानिन नावाचं कडू, विषारी द्रव्य वाढतं. हिरवा भाग खोल कापून टाका. बटाटा फारच हिरवा असेल, तर अख्खा टाकून द्या. इथे काटकसर करू नका.

[दृश्य : गॅसवर जाड बुडाचा पसरट पॅन. तेलात जिरं, मग उभा चिरलेला कांदा.]

या स्वयंपाकघरात आजी आणि नात आहेत. आईची आई, म्हणून नात त्यांना ममईजी म्हणते. चौघांची न्याहारी करायची आहे. अर्धा किलो बटाटे, दोन मोठे कांदे, पाच अंडी, दोन हिरव्या मिरच्या, बोटाच्या पेराएवढं आलं, चार-पाच लसूण पाकळ्या, जिरं, पाव चमचा हळद, मूठभर कोथिंबीर आणि तीन मोठे चमचे तेल. एवढाच पसारा.

कांदा लाल करायचा नाही, फक्त मऊ आणि गुलाबी होऊ द्यायचा. त्यात ठेचलेलं आलं-लसूण आणि मिरची.

तिकडे नात बटाटे चिरतेय, दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या. त्या टाकायला तिने पाण्याचं भांडं पुढे ओढलं, तर ममईजींनी ते शांतपणे बाजूला सारलं. "पानीमां नहीं, दीकरा."

काचऱ्या करताना आपण चकत्या पाण्यात टाकतो, स्टार्च धुऊन जावं म्हणून. त्याने त्या सुट्या राहतात, कुरकुरीत होतात. इथे तेच स्टार्च हवं आहे. ते वाफेच्या पाण्यात उतरतं, रस दाटसर करतं, चकत्या एकमेकींना धरून राहतात आणि वरून फोडलेल्या अंड्याचा पांढरा भाग थेट तळाशी झिरपत नाही. चिरलेला बटाटा हवेने काळा पडतो, हे खरं. त्याला उपाय एकच. कांदा गॅसवर चढवल्यावर बटाटा चिरायला घ्यायचा आणि सुरीखालून सरळ पॅनमध्ये टाकायचा.

[दृश्य : चकत्यांवर हळद, मीठ. अर्धी वाटी पाणी. वर खोलगट ताटली आणि ताटलीत पाणी.]

झाकणाची ही पद्धत आपल्या ओळखीची. उसळीवर आपण अशीच पाण्याची ताटली ठेवतो. ताटलीतल्या पाण्याने झाकण फार तापत नाही, आतली वाफ त्याला लागून पुन्हा थेंब होते आणि भाजीवर पडते. भाजी कमी पाण्यात, न करपता शिजते. मध्येच कोरडी वाटली, तर ताटलीतलं गरम पाणीच आत ओतता येतं. काचेची छान झाकणं आता सगळ्यांकडे आहेत. तरी या पदार्थाला मी ताटलीच सुचवेन.

मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटं. मधे एकदाच हलक्या हाताने वरखाली करायचं. उलथन्याची कड टेकवली की चकती सहज तुटली पाहिजे. ती तुटत नसेल, तर अंड्याला हात लावू नका. हे मी आग्रहाने सांगतोय. अंड्याचा पांढरा भाग साधारण 62 अंश सेल्सियसपासून धरू लागतो आणि बलक 70 अंशांच्या आसपास घट्ट होतो. अंड्याचं काम चार-पाच मिनिटांत होतं, आणि तेवढ्यात कच्चा बटाटा शिजत नाही. बटाट्यासाठी थांबाल, तर बलकाचा कोरडा भुगा होईल.

[दृश्य : जवळून. चमच्याच्या पाठीने बटाट्याच्या थरात खळगे. वाटीत फोडलेलं अंडं.]

कोथिंबीर पसरून झाली की चमच्याच्या पाठीने पाच खळगे करायचे. अंडं आधी वाटीत फोडायचं, मग खळग्यात सोडायचं. ताज्या अंड्याचा पांढरा भाग बलकाभोवती गोळा होऊन राहतो, शिळ्याचा पाण्यासारखा पसरतो. फोडण्याआधी पारखायचं असेल, तर पाण्यात टाकून बघा. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं, जुनं उभं राहतं आणि तरंगणारं फेकून द्यायचं. अंड्यांवर चिमूटभर मीठ, मिरपूड आणि पुन्हा तीच पाण्याची ताटली.

[दृश्य : झाकलेला पॅन. कडेने निघणारी वाफ. दाराशी रांगोळी.]

अंडी होतात तोवर अंड्याबद्दलच थोडं. पारशी घरात अंडं नुसतं खाण्याचं नाही. लग्नाकार्यात आणि शुभप्रसंगी दाराशी 'अचू-मिचू' करतात. त्यात ताटातलं अंडं माणसावरून ओवाळतात आणि फोडून टाकतात, दृष्ट उतरावी म्हणून. आपल्या भाकरतुकड्याशी याचं नातं लगेच लक्षात येतं. पारशी पंचांगातल्या बहमन महिन्यात अनेक घरांत मांस वर्ज्य असतं. अंडं मात्र बऱ्याच ठिकाणी चालतं, आणि मग भाज्यांवरच्या अंड्यांचे हे प्रकार आलटून पालटून होतात.

2011च्या जनगणनेत भारतभरात पारशी होते 57,264. त्यातले बहुतेक महाराष्ट्रात, आणि मुख्यतः मुंबईत. एवढ्या छोट्या समाजाचं जेवण आपण बहुतेक जण लग्नातली पात्रानी मच्छी आणि रविवारचं धनसाक एवढ्यावरच ओळखतो. धोबी तलावाचं क्यानी हे इराणी हॉटेल 1904 सालचं. तिथे पाव आणि अकुरी, म्हणजे पारशी पद्धतीची अंडा भुर्जी, खायला सगळी मुंबई जाते. पण रोज सकाळी घरात होणारे पदार्थ हॉटेलच्या पाटीवर फारसे येत नाहीत. समाज लहान होत चालला असताना त्याची रोजची भाजी-अंडीही माहीत असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. आणि शेजारच्या घराचं खाणं शिकायला ते घर पारशीच असावं लागत नाही.

[दृश्य : नात वाकून कडेने आत बघते.]

"ममईजी, झालं?"

"जरा थोभ, दीकरा."

[दृश्य : ताटली उचलली. वाफ सरल्यावर पॅन वरून.]

पांढरा भाग आता पूर्ण पांढरा आहे, कुठेही चिकट पारदर्शक ठिपका नाही. बलकावर दुधाळ, पातळ पापुद्रा आलाय आणि पॅन हलवला की बलक किंचित थरथरतो. गॅस इथेच बंद. पॅनच्या उष्णतेने अंडं अजून थोडं शिजणार आहे. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल, तर आणखी दोन-तीन मिनिटं ठेवून बलक घट्ट करा. वरून चीज किसायचा मोह होईल. नको. मऊ बटाटा आणि ओला बलक एकत्र आल्यावर त्याची गरज उरत नाही. आंबटगोड हवं असेल, तर पुढच्या खेपेला टोमॅटोवर करा आणि त्यात चमचाभर साखर आणि नवसारीकडचा उसाचा सिरका घाला.

वाढताना उलथनं तळापर्यंत घालायचं, म्हणजे प्रत्येकाच्या ताटात अंडं आणि त्याखालचा अख्खा थर येतो. तळाला चिकटलेल्या खमंग चकत्या सगळ्यांना वाटून द्या. बरोबर कडक ब्रून पाव किंवा गरम पोळी. भूक मोठी असेल, तर माणशी दोन अंडी धरा आणि पॅन त्या मानाने रुंद घ्या. अंडी एकमेकांवर चढली, तर मधली कच्ची राहतात.

आणि चहा. पुदिना आणि गवती चहा घालून उकळलेला, दुधाचा. त्याचं आधण अंड्यांवर ताटली ठेवतानाच चढवा, म्हणजे दोन्ही एकदमच टेबलावर येईल.