सीटवरचा रुमाल

(तालुक्याच्या वाचनालयात ई-सेवा केंद्रचालक आणि शिक्षकांसमोर झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मागच्या जूनमध्ये पुतणीचा प्रवेशअर्ज भरायला बसलो होतो. सहा पायऱ्यांचा अर्ज. चार पायऱ्या झाल्या, पाचवीवर फोटो आणि सही. फोटो ५० केबीच्या आत हवा, म्हणून दुसऱ्या टॅबमध्ये फोटो लहान करणारी साइट उघडली. तिसऱ्यात दाखल्याची पीडीएफ, चौथ्यात बँकेचा आयएफएससी कोड. पंधरा-वीस मिनिटांनी अर्जाच्या टॅबवर परत आलो, तर ते चाक गोल गोल फिरायला लागलं आणि पान उघडलं ते थेट पहिल्या पायरीवर. सगळं कोरं. पुतणी म्हणाली, "काका, तुम्हीच ना कॉम्प्युटरवाले?"

तुम्ही हसताय, पण तुमच्या केंद्रात हे दिवसाला किती वेळा होतं ते मला ठाऊक आहे. आणि गिऱ्हाईक काय म्हणतं? "नेट गेलं." नेट गेलेलं नसतं.

एसटीतलं उदाहरण घेऊ. आपण सीटवर रुमाल टाकतो आणि चहाला उतरतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, माणूस इथेच आहे. ब्राउझरच्या वरच्या पट्टीवर टॅबचं नाव आणि छोटं चिन्ह दिसतं ना, तो रुमाल. आतलं पान, म्हणजे प्रवासी, कधीच उतरलेला असतो. तुम्ही टॅबवर क्लिक करता तेव्हा ब्राउझर त्याला पुन्हा बोलावून आणतो आणि आपण म्हणतो, "रीलोड झालं." म्हणून रीलोड थांबवायला धावण्यात अर्थ नाही. पान त्याआधीच गेलंय. थांबवायचं असेल तर त्याला उतरवणं थांबवायला हवं.

उतरवतो कोण? क्रोमपुरतं बोलायचं तर खुद्द क्रोमच. २०१५ पासून त्यात ही सोय आहे: रॅम, म्हणजे उघडी कामं ठेवायची मेमरी, कमी पडायला लागली की मागे पडलेले टॅब रिकामे करायचे. मुळात रॅम एवढी का लागते, तेही पाहू. २००८ मध्ये क्रोम आला तोच टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे जणू स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून, चालवत. एक टॅब हँग झाला तरी बाकीचे जिवंत राहावेत, हा हेतू. सोय झाली, पण प्रत्येक खोलीला वेगळी चूल आली. २०१८ मध्ये स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली त्रुटी जगजाहीर झाली. एका साइटने दुसऱ्या साइटचा डेटा चोरू नये म्हणून क्रोमने साइटी आणखी काटेकोरपणे वेगळ्या केल्या, आणि त्यासाठी १० ते १३ टक्के जास्त मेमरी लागेल असं गुगलनेच सांगितलं. म्हणजे तुमच्या चार जीबीच्या मशीनवर विंडोजने आपला वाटा उचलल्यावर जे उरतं, त्यात हा सगळा संसार.

मग कोणता टॅब काढायचा? ब्राउझर मुख्यतः एकच गोष्ट बघतो: तुम्ही त्याकडे शेवटचं कधी पाहिलंत. आता गंमत बघा. अर्ध्या भरलेल्या अर्जाचा टॅबच तुम्ही सर्वांत जास्त वेळ बाजूला ठेवता, कारण त्याच्यासाठीच तर बाकीची पळापळ चाललेली असते. ब्राउझरला तो अडगळ वाटतो. त्याला वेळ कळते, मोल कळत नाही. ते आपण सांगायचं.

क्रोम बिचारा थोडा विचार करतो. आवाज चालू असलेला टॅब, स्क्रीन शेअर चालू असलेला, डाउनलोड चालू असलेला, पिन केलेला आणि ज्यात अर्धवट टाइप केलंय असा फॉर्म, यांना तो सहसा हात लावत नाही. मग माझा अर्ज का गेला? कारण प्रत्येक पायरीला नवं पान होतं आणि पाचव्या पायरीवर मी अजून एक अक्षरही टाइप केलं नव्हतं. क्रोमच्या दृष्टीने तो रिकामा फॉर्म.

आता कामाचं. उजव्या कोपऱ्यातले तीन टिंब, सेटिंग्ज, त्यात परफॉर्मन्स. तिथे मेमरी सेव्हर आहे, म्हणजे बाजूला पडलेले टॅब रिकामे करून रॅम वाचवणारं बटण. २०२२ च्या अखेरीस आला. तो बंद करता येतो, पण मी म्हणतो, करू नका. त्याच पानावर साइटी कायम चालू ठेवण्यासाठी एक यादी आहे. तुम्ही रोज ज्या चार-पाच साइटींवर अर्ज भरता, त्यांचे पत्ते तिथे टाका. एकदाचं काम. मेमरी सेव्हर बंद केला तरी रॅम संपत आली की क्रोम टॅब काढतोच, त्यामुळे बटण बंद करून "आता काम झालं" म्हणणारे पुन्हा माझ्याकडे येतात. त्यापेक्षा आणखी बारीक नियंत्रण हवं असेल तर ॲड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा, डिस्कार्ड्स असं इंग्रजीत टाइप करा. सगळ्या टॅबांचा तक्ता येतो आणि प्रत्येकापुढे त्याला आपोआप काढावं की नाही हे बदलता येतं. पूर्वी हे सगळंच बंद करायचा एक फ्लॅग, म्हणजे लपलेलं सेटिंग, होता. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ अजून तो शोधायला लावतात. तो केव्हाच काढून टाकलाय, तुमची संध्याकाळ फुकट घालवू नका.

फायरफॉक्सवाले किती आहेत? दोन. बरं. तुमच्याकडे विंडोजवर हे टॅब रिकामे करणं २०२१ मध्ये आलं. अबाउट, कोलन, अनलोड्स टाइप केलंत की पुढचा बळी कोण, ती रांगच दिसते. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. अबाउट-कॉन्फिग या आतल्या सेटिंग्जच्या पानावर ते बंद करायची सोयही आहे. unloadOnLowMemory असं इंग्रजीत सलग शोधलं की सापडते. मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये टॅब आधी झोपतात, म्हणजे पान मेमरीतच राहतं, फक्त काम थांबवतं. झोपलेला टॅब जागा होतो, रीलोड होत नाही, त्यामुळे तिथे घाबरायचं कारण कमी. मॅकवरच्या सफारीत मात्र वर एक पट्टी येते की पान फार मेमरी वापरत होतं म्हणून पुन्हा लोड केलं. हे बंद करायला साध्या सेटिंग्जमध्ये बटण नाही. तिथे उपाय एकच, भार कमी करणं.

भार कसा कळतो? क्रोममध्ये शिफ्ट दाबून एस्केप दाबा. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोण किती खातंय ते दिसतं. बहुतेक वेळा गुन्हेगार भलताच निघतो: सकाळपासून उघडं असलेलं, खाली खाली सरकत गेलेलं बातम्यांचं पान किंवा तीन दिवस न बंद केलेला मेल. अशी पानं उघडी राहतील तितकी फुगतात. ती मुद्दाम बंद करून उघडली तरी मोठा फरक पडतो.

काही जण म्हणतात, रॅम वाढवली की झालं. चार जीबीचे आठ करा, जरूर करा, तुमच्या केंद्रात त्याहून चांगला खर्च नाही. पण बत्तीस जीबी टाकूनही एखादं पान "ऑ, स्नॅप!" म्हणून कोसळू शकतं, कारण क्रोममध्ये एका पानाच्या जावास्क्रिप्टला, म्हणजे पानात चालणाऱ्या कोडला, साधारण चार जीबीची हद्द घालून दिलेली आहे. रॅम मोकळी असली तरी ती हद्द ओलांडता येत नाही.

खरा त्रास मोबाइलवर आहे. दोन-तीन जीबीचा फोन, त्यावर मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरतेय. ओटीपी आला. ती मेसेजच्या ॲपमध्ये जाते, आकडे पाठ करत परत येते आणि पान रीलोड. पुन्हा ओटीपी. तीन वेळा झालं की "उद्या प्रयत्न करा." इथे अँड्रॉइडच मागे गेलेल्या ब्राउझरचा घास घेतो. तिला सांगा, मेसेज उघडायचाच नाही. वरून पडदा ओढायचा आणि सूचनेतच आकडे वाचायचे. फोटो अर्जातून कॅमेरा उघडून काढायचा नाही, कारण कॅमेरा हा फोनमधल्या सर्वांत खादाड ॲपपैकी एक. फोटो आधी काढून, लहान करून ठेवायचा. काही कंपन्यांच्या फोनवर अलीकडच्या ॲपच्या यादीत ब्राउझरवर बोट दाबून धरलं की कुलपाचं चिन्ह येतं, ते लावायचं. फोन फारच दबला तर तेही पुरत नाही, पण बऱ्याचदा निभतं.

एक इशारा. टॅब सांभाळणारी एक्स्टेन्शनं, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, मिळतात. 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं फार लोकप्रिय होतं. २०२० मध्ये मूळ कर्त्याने ते दुसऱ्या कुणाला विकलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने त्यात घातक कोड आहे म्हणून ते लोकांच्या ब्राउझरमधून बंद केलं. त्या एक्स्टेन्शनने झोपवून ठेवलेले टॅब एका फटक्यात गायब झाले. ज्या मशीनवर लोकांचे आधार आणि बँकेचे कागद उघडता, तिथे असली पाहुणी मंडळी नकोत.

(प्रश्न: सर, ही चूक साइट बनवणाऱ्यांची नाही का?)

अर्धी तरी आहेच. ब्राउझर पान काढतो तेव्हा पानाला निरोपाचे दोन शब्दही बोलू देत नाही. पण टॅब नजरेआड होतो त्या क्षणी पानाला खबर मिळते. तेवढ्यात भरलेलं सगळं ब्राउझरच्या साठवणीत टाकायचं, आणि परत उघडल्यावर तिथून उचलायचं. चार ओळींचं काम आहे. आपलं पान काढलं गेलं होतं का, हे क्रोमला विचारायचीही सोय २०१८ पासून आहे. फक्त केंद्रातल्या सामायिक मशीनवर एकाची माहिती दुसऱ्याला दिसणार नाही, एवढी काळजी हवी. तोवर माझी पद्धत सांगतो. अर्जाची वेगळी विंडो उघडतो, टॅब पिन करतो, आणि फोटो, सही, दाखले, आयएफएससी सगळं आधी एका फोल्डरमध्ये जमवतो. पुतणीचा अर्ज दुसऱ्यांदा असाच भरला. बारा मिनिटं लागली.