खाचरापासून पातेल्यापर्यंत : तांदळातील आर्सेनिक आणि कॅडमियम

वडोदऱ्याच्या हाथीखान्यातील धान्यबाजारात उन्हाळ्यात वर्षभराच्या साठवणीचा तांदूळ घेतला जातो. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील मराठी घरांत तो निवडून, एरंडेलाचा हात लावून डब्यांत भरला जातो. खरेदी करताना तांदूळ जुना आहे की नवा हे विचारले जाते आणि कणी किती आहे हे तळहातावर घेऊन पाहिले जाते. परंतु ज्या खाचरात हा दाणा भरला, तेथील मातीतून आणि पाण्यातून त्यात काय उतरले, हे डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेलाही कळत नाही.

तांदळाच्या बाबतीत दोन घटकांची चिंता सर्वाधिक केली जाते. पहिला आर्सेनिक, जो काटेकोरपणे धातू नसून धातुसदृश मूलद्रव्य आहे, आणि दुसरा कॅडमियम हा जड धातू. असेंद्रिय, म्हणजे कार्बनशी न जोडलेल्या, आर्सेनिकामुळे कर्करोग होऊ शकतो, तर कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साचत राहते. म्हणूनच कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने पॉलिश केलेल्या तांदळासाठी असेंद्रिय आर्सेनिकाची मर्यादा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आणि कॅडमियमची ०.४ मिलिग्रॅम ठरवली आहे.

गहू-ज्वारीपेक्षा भातात आर्सेनिक अधिक का शिरते, याचे उत्तर चिखलणी केलेल्या खाचरातच आहे. साचलेल्या पाण्याखालच्या मातीतील प्राणवायू संपतो, लोहाची संयुगे विरघळू लागतात आणि त्यांना चिकटून बसलेले आर्सेनिक मोकळे होते. भाताच्या पिकाला सिलिकॉन भरपूर लागतो आणि तो शोषून घेण्याची चोख व्यवस्था त्याच्या मुळांत असते. जपानच्या ओकायामा विद्यापीठातील जियान फेंग मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवून दिले की, मोकळे झालेले आर्सेनिक सिलिकॉनच्या याच वाटेने मुळांत प्रवेश करते.

यावरचा एक उपाय म्हणजे पाणी सतत तुंबवून न ठेवणे. शेतात छिद्रे पाडलेला पाइप उभा पुरतात, त्यातील पाण्याची पातळी जमिनीखाली पंधरा सेंटिमीटरपर्यंत उतरू देतात आणि मगच पुन्हा पाणी देतात. यामुळे मातीला हवा मिळते, आर्सेनिक पुन्हा लोहाशी बांधले जाते आणि पाण्याचीही बचत होते. तुसासारखे सिलिकॉनयुक्त पदार्थ जमिनीत परत घातले, तर मुळांच्या त्या वाटेवर आर्सेनिकाला सिलिकॉनशी स्पर्धा करावी लागते.

मात्र येथेच खरी अडचण उभी राहते, कारण कॅडमियमचे वागणे नेमके उलट आहे. पाण्याखाली ते गंधकाशी जोडले जाऊन अविद्राव्य राहते आणि शेत कोरडे पडले की सुटे होऊन मुळांना उपलब्ध होते. जपानमधील तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या काठी जस्ताच्या खाणीतील कॅडमियम भातशेतीत पोहोचले आणि हाडे ठिसूळ करणारा, असह्य वेदना देणारा ‘इताई-इताई’ हा रोग पसरला. प्रदूषणामुळे उद्भवलेला रोग म्हणून जपान सरकारने त्याला १९६८ साली मान्यता दिली. अशा जमिनींसाठी पीक निसवण्याच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडण्याच्या, आधी आणि नंतर सुमारे तीन-तीन आठवडे शेतात पाणी टिकवून ठेवण्याचा सल्ला तेथे दिला जातो. आम्लधर्मी जमिनीत चुना टाकल्यानेही कॅडमियमचे शोषण कमी होते. म्हणजे एका विषावरचा उतारा दुसऱ्या विषाला मोकळे करू शकतो. माती न तपासता सर्वांना एकच सल्ला देणे, हे आमच्या मते शेतकऱ्यावर अन्याय करणारे आहे.

औद्योगिक शहराभोवतीच्या शेतीला हा विषय परका नाही. वडोदऱ्याच्या कारखान्यांचे सांडपाणी खंभातच्या आखातापर्यंत नेण्यासाठी १९८०च्या दशकापासून सुमारे ५५ किलोमीटर लांबीचा स्वतंत्र कालवा वापरात आहे. सांडपाण्यातील धातू एकदा शेतात उतरले, तर ते कुजून नाहीसे होत नाहीत. म्हणून अशा परिसरात पिकाला कोणते पाणी दिले जाते, हे तपासणे बियाण्याच्या निवडीइतकेच महत्त्वाचे ठरते.

बियाण्यातही पर्याय तयार होत आहेत. पश्चिम बंगालमधील आर्सेनिकग्रस्त भागांसाठी चिनसुरा येथील भात संशोधन केंद्र आणि लखनौची राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था यांनी ‘मुक्तश्री’ हा कमी आर्सेनिक घेणारा वाण विकसित केला. जपानी संशोधकांनी कोशिहिकारी या लोकप्रिय वाणावर आयनांचा मारा करून, कॅडमियम जवळजवळ न शोषणारे रोप २०१२ साली जगापुढे ठेवले.

स्वयंपाकघरातही थोडे करता येते, आणि ते आपल्या आजीच्या पद्धतीपासून फार दूर नाही. पातेल्यात तांदळाच्या सहापट पाण्याचे आधण ठेवायचे, धुतलेले तांदूळ त्यात वैरायचे, दाणा बोटचेपा झाला की पातेले कलते करून भात वेळायचा, म्हणजे जास्तीचे पाणी काढून टाकायचे, आणि झाकण ठेवून मंद आचेवर वाफ आणायची. पाण्यात उतरलेले असेंद्रिय आर्सेनिक त्या पाण्याबरोबर निघून जाते. कुकरमध्ये सगळे पाणी भातातच जिरत असल्याने ते तेथेच राहते. शेफील्ड विद्यापीठाच्या २०२० सालच्या अभ्यासात तांदूळ पाच मिनिटे उकळून ते पाणी टाकले आणि नव्या पाण्यात भात शिजवला. तेव्हा पांढऱ्या तांदळातील ७३ टक्के आणि हातसडीसारख्या कोंडा न काढलेल्या तांदळातील ५४ टक्के असेंद्रिय आर्सेनिक कमी झाले. शिजवायचे पाणीच आर्सेनिकयुक्त असेल, तर मात्र या खटाटोपाचा उपयोग नाही. ‘ब’ गटातील काही जीवनसत्त्वेही वेळलेल्या पाण्याबरोबर जातात, परंतु ताटात वरण आणि भाजी असताना हे नुकसान सोसण्यासारखे आहे. कॅडमियम या पद्धतीने सहजासहजी सुटत नाही. त्याचा बंदोबस्त शेतातच व्हायला हवा.

सर्वाधिक काळजी घ्यायची ती तान्ह्या मुलांची, कारण वजनाच्या मानाने त्यांच्या पोटात मोठ्यांपेक्षा अधिक अन्न जाते. युरोपीय संघाने बालकांच्या आहारासाठीच्या तांदळातील असेंद्रिय आर्सेनिकाची मर्यादा म्हणूनच किलोमागे ०.१ मिलिग्रॅम इतकी कडक ठेवली आहे. बाळाला सहाव्या महिन्यानंतर वरचे अन्न सुरू करताना रोज तांदळाची पेजच न देता नाचणीचे सत्त्व, गव्हाची लापशी आणि मुगाचे मऊ वरण आलटून पालटून द्यावे.