कामिओकाच्या डोंगरातील नीलम

जपानच्या गिफू प्रांतातील एका डोंगराच्या पोटात, जमिनीखाली दोनशे मीटरहून अधिक खोलीवर, प्रत्येकी तीन किलोमीटर लांबीचे दोन बोगदे एकमेकांशी काटकोनात खोदलेले आहेत. कामिओका या परिसरात पूर्वी जस्त आणि शिशाची खाण होती. आज तेथे ‘काग्रा’ ही गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांची, वेधशाळा आहे. बोगद्यांच्या टोकांशी, निर्वात आणि अतिशीत कोठ्यांमध्ये, चार आरसे टांगलेले आहेत. प्रत्येकाचा व्यास २२ सेंटिमीटर, जाडी १५ सेंटिमीटर आणि वजन सुमारे २३ किलोग्रॅम आहे. हे आरसे काचेचे नाहीत, नीलमाचे आहेत.

हा नीलम निळा मात्र नाही. आपल्याकडे शनीचा खडा म्हणून अंगठीत घातला जाणारा नीलम आणि हा आरसा यांचे मूळ द्रव्य एकच, ते म्हणजे ॲल्युमिनिअम ऑक्साइड. खड्याला निळेपणा येतो तो त्यात शिरलेल्या लोह आणि टायटॅनिअमच्या अत्यल्प अंशामुळे, आणि क्रोमिअम शिरले की त्याच द्रव्याचे माणिक होते. प्रयोगशाळेला हवा असतो तो शुद्ध, रंगहीन आणि अखंड स्फटिक, आणि एवढ्या आकाराचा असा स्फटिक कोणत्याही खाणीतून मिळत नाही. तो घडवावाच लागतो. ॲल्युमिनिअम ऑक्साइड दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर वितळवून, त्या द्रवाला बीज-स्फटिकाचा स्पर्श देऊन, अनेक दिवस अगदी सावकाश थंड करत नेतात. घाई झाली की बुडबुडे अडकतात, तडे जातात आणि सगळी मेहनत वाया जाते.

इतका खटाटोप कशासाठी, हे समजण्यासाठी आरशाचे काम पाहावे लागेल. दोन्ही बोगदे म्हणजे वेधशाळेचे बाहू, आणि त्यांतील आरशांवरून लेझरचा प्रकाश परतवून त्यांच्या लांबीतील फरक मोजला जातो. दूरच्या कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेली लहर पृथ्वीवरून जाते तेव्हा या तीन किलोमीटरच्या बाहूंच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी असतो. एवढा सूक्ष्म फरक मोजायचा, तर आरशातील अणूंची उष्णतेमुळे होणारी थरथरसुद्धा आड येते. ज्या पदार्थात कंपनाची ऊर्जा अंतर्गत घर्षणाने लवकर विरते, त्याची थरथर सर्व वारंवारतांवर पसरते. उलट जो पदार्थ एकदा छेडल्यावर दीर्घकाळ नादत राहतो, त्याची थरथर त्याच्या स्वतःच्या स्वरापाशी गोळा होते आणि बाकीचा पट्टा निरीक्षणासाठी शांत राहतो. नीलम असा नादत राहणारा पदार्थ आहे, आणि माझ्या मते त्याच्या कठीणपणापेक्षा किंवा चकाकीपेक्षा हाच गुण विज्ञानाच्या अधिक कामी आला आहे.

अमेरिकेतील ‘लायगो’ या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या आरशांसाठी सिलिका काच वापरतात. सामान्य तापमानाला ती उत्तम ठरते, परंतु थंड करू लागताच तिचे अंतर्गत घर्षण वाढते. नीलमाचे घर्षण मात्र थंडीत कमी होते. म्हणूनच काग्राचे आरसे २० केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे २५३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करण्याची योजना आखली गेली.

येथे एक नाजूक अडचण उभी राहते. लेझरचा थोडा प्रकाश आरशात शोषला जाऊन उष्णता निर्माण होत राहते, आणि निर्वात पोकळीत टांगलेल्या, इतक्या थंड वस्तूतील उष्णता बाहेर काढण्याचा प्रत्यक्षात एकच मार्ग उरतो, तो म्हणजे आरशाला तोलून धरणाऱ्या तंतूंचा. हे चार तंतूही नीलमाचेच आहेत. प्रत्येकाची लांबी ३५ सेंटिमीटर आणि जाडी केवळ १.६ मिलिमीटर. या तापमानाला नीलम सामान्य तापमानाच्या तांब्यापेक्षा कितीतरी अधिक सहजतेने उष्णता वाहून नेतो. तंतूंतून वर गेलेली उष्णता पुढे अतिशुद्ध ॲल्युमिनिअमच्या लवचीक दुव्यांतून शीतयंत्राकडे जाते. दुवे लवचीक ठेवावे लागतात, कारण ताठ दुव्यांतून शीतयंत्राची धडधड थेट आरशापर्यंत पोहोचेल.

नीलमाचे दोषही येथेच उघडे पडले. स्फटिकाच्या मुख्य अक्षाच्या दिशेने जाणारा प्रकाश न बदलता पार व्हावा अशी अपेक्षा असते, पण काग्राच्या आरशांमध्ये स्फटिकाची रचना जागोजागी किंचित वेगळी निघाली, आणि त्यामुळे प्रकाशाच्या ध्रुवीकरणात, म्हणजे त्याच्या कंपनाच्या दिशेत, बदल होऊन त्याचा काही भाग वाया जाऊ लागला. लायगोच्या सुधारित आवृत्तीसाठीही नीलमाचा विचार झाला होता, परंतु अखेर निवड सिलिकाचीच झाली. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारल्या जाणाऱ्या आणि पुण्याच्या आयुका या संस्थेचा सहभाग असलेल्या ‘लायगो-इंडिया’ची आखणीही त्याच धर्तीची असल्याने तेथील आरसे सिलिकाचे असतील. यावरून नीलमाचा प्रयोग फसला असे मात्र म्हणता येणार नाही. अतिशीत आरशांची वेधशाळा कोठे अडखळते, हे काग्रामुळेच कळले.

ऊर्जा जपून ठेवण्याचा हाच गुण सूक्ष्मलहरींच्या (मायक्रोवेव्हच्या) बाबतीतही दिसतो. पर्थ येथील युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलियामध्ये नीलमाचा वाटोळा ठोकळा धातूच्या पेटीत ठेवून द्रव हेलिअमच्या तापमानाजवळ नेला जातो. सूक्ष्मलहरी त्याच्या कडेकडेने फिरत राहतात आणि फेरीमागे फारच थोडी ऊर्जा गमावतात, त्यामुळे त्यांची वारंवारता विलक्षण स्थिर राहते. पर्थ आणि बर्लिन येथील संशोधकांनी अशा ठोकळ्यांचे दोन आंदोलक, म्हणजे स्थिर वारंवारता देणारी उपकरणे, एकमेकांशी काटकोनात बसवून सतत फिरवत ठेवले आणि प्रकाशाचा वेग सर्व दिशांना समान असतो का, हे तपासले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, एकावर अठरा शून्ये इतक्या भागांत एक भाग एवढ्या अचूकतेपर्यंत कोणताही फरक आढळला नाही. २०२१ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील गटाने नीलमावर टँटलमचा थर देऊन बनवलेल्या क्यूबिटमधील, म्हणजे क्वांटम संगणकाच्या मूलभूत घटकातील, क्वांटम अवस्था ०.३ मिलिसेकंदाहून अधिक काळ टिकवून दाखवली.

निळ्या एलईडीच्या कथेत मात्र नीलम वेगळ्याच कारणाने आला. निळा प्रकाश देणाऱ्या गॅलिअम नायट्राइडचा थर वाढवायचा तर हजार अंशांच्या आसपासचे तापमान आणि अमोनिया सोसणारा पाया लागतो, आणि ते नीलमाला जमते. तथापि दोन्ही स्फटिकांमधील अणूंच्या अंतरात सुमारे १६ टक्क्यांचा फरक असल्याने थर खडबडीत आणि भेगाळलेला निघे. १९८६ मध्ये नागोया विद्यापीठात इसामु आकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी आधी कमी तापमानाला ॲल्युमिनिअम नायट्राइडचा पातळ थर दिला आणि त्यावर आरशासारखा गुळगुळीत गॅलिअम नायट्राइड वाढवला. शुजी नाकामुरा यांच्यासह त्यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

युरोपात आखल्या जात असलेल्या ‘आइनस्टाइन टेलिस्कोप’ या भूमिगत वेधशाळेतही १० ते २० केल्विनवरील आरसे लागणार आहेत, आणि त्यांच्यासाठी सिलिकॉन व नीलम या दोन्ही स्फटिकांचा विचार चालू आहे. प्रत्येक आरसा सुमारे दोनशे किलोग्रॅमचा हवा आहे. म्हणजे काग्राच्या आरशाच्या जवळजवळ नऊ पट वजनाचा, आणि तोही आतून सर्वत्र एकसारखा, असा स्फटिक आधी कोणाला तरी वाढवून दाखवावा लागेल.